‘याचे चाकं आत काऊन घुसले?’ : रेल्वे इंजिनाचं मॉडेल करताना या चुका टाळा

पहिलं इंजिन पूर्ण झालं तेव्हा मोठ्या हौसेनं शेजारच्या काकांना दाखवायला नेलं. काका रेल्वेत गँगमन होते, सगळी नोकरी मूर्तिजापूरच्या आसपास रुळांवर गेली. माझ्या पांढऱ्याशुभ्र डब्ल्यूएपी-७ वर, म्हणजे विजेवर चालणाऱ्या प्रवासी गाडीच्या इंजिनावर, त्यांनी जेमतेम नजर टाकली, ते उलटं केलं आणि म्हणाले, “बाप्पा, याचे चाकं आत काऊन घुसले?” रंगावर मी तीन आठवडे घातले होते. काकांनी रंगाचं नावही काढलं नाही.

चूक गेजची, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची होती आणि ती सगळ्यांकडूनच होते. बाजारात मिळणारा एचओ (१:८७ मापाचा) ट्रॅक १६.५ मिमीचा असतो. त्याला ८७ नं गुणलं की १४३५ मिमी येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेचा गेज. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, १:८७ मध्ये तो १९.३ मिमी भरतो. तीन मिमीला काय होतंय, असं वाटतं. पण समोरून बघा, धड पैलवानाचं आणि पाय काडीपैलवानाचे! मॉडेल फक्त कपाटात ठेवायचं असेल तर लांब ॲक्सल घाला आणि रूळ १९.३ वर बसवा. चालवायचं असेल तर चाकं आहेत तशी राहू द्या, पण बोगीच्या (डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा) बाजूच्या फ्रेम मूळ रुंदीवरच ठेवा. चाकांना जुळवायला म्हणून फ्रेमही आत ढकलल्या की संपलं. बाहेर ठेवल्या तर मधली फट सावलीत लपते.

गंमत म्हणजे आपली शकुंतला, विदर्भातली अरुंद रुळांची गाडी, इथे बाजी मारते. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरचा ७६२ मिमीचा नॅरोगेज १:८७ मध्ये ८.८ मिमी होतो आणि एन गेज या आणखी छोट्या मापाचा ९ मिमीचा ट्रॅक तयार मिळतो. फरक डोळ्याला कळतही नाही. मात्र हात घालण्याआधी साल ठरवा. एप्रिल १९९४ पर्यंत तिला मँचेस्टरचं वाफेचं इंजिन होतं, नंतर डिझेल आलं. दोन्ही काळांची खिचडी केली की जुना प्रवासी लगेच पकडतो.

नंबरचंही तसंच. डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएजी-९ दोघांची लांबी २०५६२ मिमी आणि सांगाडाही जवळपास एकच, त्यामुळे विकणारे एकाच बॉडीवर दोन रंग मारून मोकळे होतात. मी ऑनलाइन मागवलेल्या एका ‘प्रवासी’ इंजिनावर ३१ नं सुरू होणारा नंबर निघाला. तो मालगाडीच्या डब्ल्यूएजी-९ चा. डब्ल्यूएपी-७ ला ३० किंवा ३७ असा तिच्या मालिकेतला हवा. नंबर कल्पनेनं लिहू नका. एक खरं इंजिन निवडा, त्याचाच फोटो समोर ठेवा. फोटोही लांबून, झूम करून घ्या. फाटकाजवळून मोबाइलनं काढलात तर इंजिनाचं पोट फुगतं आणि त्यावरून घेतलेली मापं चुकतात.

डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन करणाऱ्यांनी बोगी नीट पाहावी. तिन्ही ॲक्सलमधलं अंतर सारखं नसतं. सारखं केलं की इंजिन खेळण्यातलं दिसतं, आणि का ते पटकन सांगताही येत नाही.

रेलिंगला ०.८ मिमीची तार लावता? हिशेब करा : खऱ्या इंजिनावर ती ७० मिमी जाडीची झाली. एवढा जाड दांडा ड्रायव्हरच्या मुठीत मावायचा नाही. घरातली फ्लेक्सिबल वायर सोला, आतली ०.३ मिमीची एक तार पुरते. थर देऊन रंग मारतानाही हेच लक्षात ठेवा; ०.१ मिमीचा थर म्हणजे जवळपास ९ मिमीचं लिंपण, जाळ्या बुजल्याच.

दुसऱ्या इंजिनाच्या वेळी काकांनी चाकं पास केली आणि टपाकडे बोट दाखवलं. “अन् हा म्होरचा पेंटो काऊन उचलला?” चालत्या दिशेनं मागचा पेंटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा टपावरचा सांगाडा) उचलतात, तुटलाच तर तुकडे दुसऱ्यावर न पडता मागे पडतात. माझा पुढचा वर होता.

शेवटचा मुद्दा खास आपल्या उन्हाचा. पीएलए या प्लास्टिकची थ्रीडी प्रिंट ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या कारमध्ये मी बॉडी विसरलो, तर संध्याकाळी टप मधोमध खचलेला. पीईटीजीमध्ये प्रिंट काढून घ्या, ते ८० च्या जवळपास तग धरतं. आणि पत्र्याच्या खोलीत मॉडेलचं कपाट छताला टेकवू नका.