मित्राला हातउसने देताय? मग या चुका टाळा

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकानावर (शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दुकानावर) हिशेब लिहीत बसलं की पैशापेक्षा पैशाची भांडणंच जास्त दिसतात. सोयाबीनची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब आणि पैसे, हातात पडायच्या आधीच तिच्यातले निम्मे पैसे वाटून झालेले असतात. कृषी सेवा केंद्राची उधारी, बँकेचं पीककर्ज, ट्रॅक्टरचा हप्ता, आणि उरलं तर मित्राचे हातउसने. ते बहुतेक वेळा उरतच नाहीत. मग दोन महिन्यांनी देणारा येऊन विचारतो, "त्यानं माल कधी घातला हो? पैसे उचलले का?" हंगामामागून हंगाम हेच चाललंय, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

मित्राला पैसे देऊच नका, असं मला म्हणायचं नाही. रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली की आपल्याकडं मित्रच धावून येतो. माझा राग आहे तो काही न विचारता उभ्या उभ्या "घे" म्हणण्यावर.

माणूस बघता, पण पैसा कशातून येणार ते बघत नाही

"माणूस लाखात एक आहे, बुडवायचा नाही." हे ऐकलं की मी लगेच विचारतो, "देणार कशातून?" तिथं गाडी अडते. पैसे दिलेले असतात आणि हा प्रश्न विचारलेलाच नसतो. नियत चांगली असली तरी हातात पैसा यावा लागतो, आणि आपल्या भागात तो वर्षातून दोनदा-तीनदाच येतो. सोयाबीन दसरा-दिवाळीला, कापूस त्यापुढं वेचणीप्रमाणं, तूर संक्रांतीच्या पुढंमागं, हरभरा शिमग्याच्या सुमाराला. यातलं एक हुकलं की पुढच्या पिकापर्यंत थांबण्याशिवाय इलाज नाही.

याहून मोठी अडचण अशी, की देणारा आणि घेणारा दोघांचंही पीक एकच असतं, पाऊसही एकच. ज्या वर्षी त्याचं जाईल त्याच वर्षी तुमचंही जाईल. म्हणजे पैशाची सगळ्यात जास्त गरज तुम्हाला पडेल, नेमकं त्याच वर्षी तो देऊ शकणार नाही. मैत्रीतली उसनवारी तुटते ती बहुतेक इथंच, आणि याचा विचार करून पैसे देणारा माणूस मला फार क्वचित भेटला.

परभणीजवळच्या एका गावचे दोघं जण आमच्याच दुकानावर माल घालतात. शाळेपासूनचे मित्र, बांधाला बांध लागून शेत. २०२५ च्या उन्हाळ्यात एकाला बोअर घ्यायचा होता, मोटर बसवायची होती. दुसऱ्याचा हरभरा नुकताच विकला होता. त्यानं दीड लाख दिले. बोली एवढीच झाली, "गड्या, सोयाबीन निघालं की पयला तुझा हिशेब." देणाऱ्याच्या पोरीची नर्सिंगची फी दिवाळीनंतर भरायची होती. हे पैसे त्यासाठीच आहेत, हे त्यानं मित्राला सांगितलंच नाही. त्याला वाटलं, दिवाळीच्या आत येतीलच.

सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. शेतं पाण्याखाली गेली, काही ठिकाणी पिकाबरोबर वरची मातीही वाहून गेली. या दोघांचं सोयाबीन शेतातच पाण्यात उभं राहिलं, शेंगांतल्या दाण्यांना कोंब फुटले. वाचलेला माल घेऊन दोघंही एकाच आठवड्यात आले. पोत्यात बंबू (नमुना काढायची टोकदार नळी) घालून नमुना काढला तर मुठीत अर्धे दाणे काळे. ओलाव्याचं मशीन लावलं. बारा टक्क्यांच्या वर ओल गेली की भाव तुटतो, आणि इथं आकडा त्याच्या कितीतरी पुढं गेला होता. हमाली, तोलाई वजा करून पट्टी झाली ती बियाण्या-खताची उधारीही फिटणार नाही एवढी. देणारा ती पट्टी हातात धरून गादीवर बसून होता. तेवढ्यात मित्र आला.

"तुझं काय झालं?"

"तुझं झालं तेच."

"मग माझे पैसे?"

"म्या कशातून देऊ, तूच सांग."

त्यात खोटं काहीच नव्हतं. त्याची पट्टी मीच केली होती, आकडा मला माहीत होता. पण देणाऱ्याला पोरीच्या फीसाठी येणाऱ्या तुरीवर आडत्याकडून उचल घ्यावी लागली, आणि ज्याला दीड लाख दिले त्याच्यासमोर ती घ्यावी लागली. त्या दिवसापासून बोलणं बंद. एकाच गाडीत मोंढ्याला येणारे दोघं वेगवेगळे यायला लागले. गावात चर्चा सुरू झाली की अमक्यानं तमक्याला बुडवलं. खरं तर कुणीच कुणाला बुडवलं नव्हतं. पैसे देताना एक प्रश्न विचारायचा राहिला होता, एवढंच.

शेवटी दोघांना दुकानात समोरासमोर बसवलं आणि एका कागदावर लिहून घेतलं. तुरीतून एवढे, हरभऱ्यातून एवढे, राहिलेले पुढच्या सोयाबीनमधून. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. तुरीचा हप्ता आला, तसं बोलणंही सुरू झालं. हाच कागद उन्हाळ्यात झाला असता, तर पोरीच्या फीचा विषयही तेव्हाच निघाला असता.

माझी स्वतःची सवय सांगतो. कुणी पैसे मागितले की मी तीन गोष्टी तोंडावर विचारतो. कशातून देणार, कोणत्या महिन्यात देणार, आणि ते पीक गेलं तर दुसरं काय आहे? तिसऱ्या प्रश्नाला काही जण चिडतात. चिडू द्यावं. ज्याच्याकडं दुधाचा पगार येतो, घरात कुणी नोकरीला आहे, छोटं दुकान आहे, त्याला उत्तर देता येतं. "देव बघून घेईल" असं उत्तर आलं, तर मी तेवढेच देतो जे मला पुढची दोन पिकं लागणार नाहीत. मग ते मागितलेल्या रकमेच्या पाव का असेनात.

आणखी एक विचारतो, पीककर्ज भरलं का? वेळेवर भरणाऱ्याला राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेतून ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं. ते सोडून मित्राकडं हात पसरायची वेळ आली असेल तर खातं थकीत आहे का, सातबाऱ्याचा काही वाद आहे का, हे कळायला हवं. कळलेलं चारचौघांत बोलायचं नाही, एवढी लाज मात्र आपण ठेवायची.

स्वतः कर्ज काढून मित्राला देणं

याला मी हातउसने मानतच नाही. बायकोचं गंठण सोनेतारण ठेवून मित्राला पैसे दिले, बचत गटातून आईच्या नावावर उचलून दिले, मित्राचा मोबाईल आपल्या नावावर हप्त्यानं घेऊन दिला, असं करणारे मला दर महिन्याला भेटतात. "हप्ता तोच भरणार आहे, माझं नाव फक्त कागदावर आहे," असं म्हणतात. अहो, बँकेला कागदावरचं नावच कळतं. हप्ता कुणाच्या खिशातून येत होता, हे तिथं कुणी विचारत नाही.

आमच्या बाजूच्या दुकानावरच्या एका तरण्या हमालानं मित्रासाठी असाच भारी मोबाईल काढून दिला. चार हप्ते आले, पुढं मित्र पुण्याला कामाला गेला आणि फोन उचलायचा बंद झाला. वसुलीवाल्याचे फोन या पोराला, तेही भर तोलाईच्या वेळी. त्यानं अंगावर पोती वाहून दुसऱ्याच्या मोबाईलचे हप्ते फेडले. मध्ये दोन चुकले होते, तेवढ्यानं सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब झालं आणि पुढं त्याला स्वतःच्या गाडीला कर्ज मिळेना. मला वाईट वाटलं ते याचं, की मोबाईल काढून द्यायच्या आदल्या दिवशी दोघा-तिघांनी त्याला अडवलं होतं. "तुम्हाला दोस्ती कळत नाही," म्हणाला होता. या पोरांना सगळं झटपट लागतं, ॲप उघडलं की अर्ध्या तासात कर्ज. विचार करायलाही अर्धा दिवस लागतो, तेवढा तरी द्या.

जामीन राहणंही याच जातीचं. १८७२ च्या करार कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच धरली आहे. आधी कर्जदाराला गाठा मग माझ्याकडं या, असं म्हणायची सोय सहसा नसते. जेवढी रक्कम स्वतः भरायची तयारी असेल तेवढ्यालाच सही करा.

फोन ठेवायच्या आत पैसे पाठवणं

मी त्याच दिवशी होकार देत नाही. "उद्या सकाळी सांगतो" एवढंच म्हणतो, आणि सकाळी खरंच सांगतो. झुलवत ठेवणं हे नाही म्हणण्यापेक्षा वाईट, कारण तेवढ्या वेळात त्याला दुसरीकडं विचारता आलं असतं. नाही म्हणायचं असेल तर कारणांची रास रचू नका. "माझ्याच्यानं होत नाही, दहा हजार होतील, ते परत मागणार नाही," असं सरळ बोलावं. मित्र असेल तर त्याला कळतं.

याला अपवाद दवाखान्याचा. तिथं थांबायचं नाही, पण पैसे शक्यतो दवाखान्याच्या काउंटरवर किंवा मेडिकलवर भरावेत, आणि आधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तो दवाखाना आणि तो आजार बसतो का, ते विचारावं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. घाईत ही चौकशी राहून जाते आणि उसनवारी सुरू होते.

बाकीच्या चुका थोडक्यात

मेसेजवर मागितलेले पैसे आवाज ऐकल्याशिवाय पाठवू नका. मित्राचं खातं दुसऱ्यानंच उघडलेलं असू शकतं. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

घरात न सांगता देऊ नका. नंतर कळलं की भांडण दोन घरांत लागतं.

मोठी रक्कम रोखीनं नको. २०,००० किंवा त्यावरचं कर्ज रोखीत घेतलं तर आयकर कायद्यानं घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. दोघांचंही उत्पन्न फक्त शेतीचं असेल आणि करपात्र काही नसेल, तर यात सूट आहे. तरी मी खात्यावरूनच देतो आणि शेऱ्यात "हातउसने" लिहितो.

व्याज लावू नका, आणि बदल्यात जमिनीचं खरेदीखत तर अजिबात करून घेऊ नका. परवाना नसताना सावकारीचा धंदा करणं २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानं गुन्हा आहे. मैत्रीखातर दिलेल्या पैशाला तो रंग येऊ देऊ नये.

कोरा चेक घेऊ नका, देऊही नका.

लिहून मागायला लाजू नका. वहीच्या कागदावर तारीख, रक्कम, कोणत्या पिकातून आणि कधी देणार, दोघांच्या सह्या. मी स्वतःच्या हातानं दोन प्रती लिहितो आणि एक त्याला देतो, म्हणजे त्यालाही विश्वास राहतो.

पैसे आधीच अडकलेत?

सगळ्यात आधी, तिसऱ्या माणसाकडून निरोप धाडू नका. पारावर, लग्नाच्या पंगतीत, त्याच्या पोरांसमोर विषय काढू नका. घरी जा, एकटे जा, आणि माल विकायच्या आधी जा. पट्टी झाल्यावर गेलात तर पैसे दुसऱ्यांच्या हातात गेलेले असतात. पेरणीच्या तोंडावर तर जाऊच नका. त्या वेळी त्याच्याकडं असलेला पैसा बियाण्याचा असतो, तो काढून घेतला तर पुढचंही पीक गेलं आणि तुमचे पैसेही.

सगळे मागण्यापेक्षा तुकडे पाडा. "या तुरीला पंचवीस हजार दे" म्हटलं की माणूस हो म्हणतो. "दीड लाख कधी देतोस" म्हटलं की फोन बंद करतो. आलेला प्रत्येक हप्ता दोन्ही कागदांवर तारखेसह लिहा, सह्या घ्या.

तारखेकडं लक्ष असू द्या. उसने पैसे वसूल करायला दावा लावायची मुदत साधारणपणे पैसे दिल्यापासून तीन वर्षं. ती संपायच्या आत त्यानं सहीनिशी लेखी कबुली दिली की तिथून मुदत पुन्हा मोजली जाते. भिडेखातर तीन वर्षं गप्प बसलेली माणसं चौथ्या वर्षी वकिलाकडं जातात, तेव्हा फार काही उरलेलं नसतं. दुसरं काही करणार नसाल तर दरवर्षी तेवढी कबुली तरी लिहून घ्या.

रक्कम आणि तारीख टाकलेला चेक त्यानं दिला असेल तर त्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत टाका. परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. पण नोटीस धाडायच्या आधी एकदा त्याच्या घरी जाऊन या, आणि खरंच काही नाही की असून देत नाही, ते डोळ्यांनी बघा. काहीच नसेल तर वकिलाची फी वाचवा आणि पुढच्या पिकाची तारीख लिहून घ्या. असून देत नसेल, दारात नवी गाडी उभी असेल, तर नोटीस धाडताना मन मागं-पुढं करू नका.