केमोच्या वारीसाठी रेल्वेची सवलत – माझा अनुभव

आईच्या केमोसाठी दर २१ दिवसांनी सोलापूर-मुंबई. कॅन्सर पेशंटला रेल्वेत सवलत असते हे आम्हाला तिसऱ्या खेपेला कळलं, तेही वॉर्डातल्या एका मावशींकडून! स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटचं तिकीट फुकट, सोबतच्याला ७५ टक्के सूट. मी आपला डॉक्टरांची साधी चिठ्ठी घेऊन खिडकीवर गेलो, तर बाबूने बघितली न बघितली अन् परत सरकवली. घोळ असा की रेल्वेचा ठरलेला फॉर्मच लागतो, हॉस्पिटलमधून सही-शिक्क्यासकट भरलेला. परत गेलो, फॉर्म मिळाला, पण शिक्का इतका फिका की काही वाचताच येईना, मग समोर उभं राहून पुन्हा दाबून मारून घेतला. तिकीट मात्र काउंटरवरूनच काढा, ऑनलाइन जमत नाही. आई म्हणाली, उरलेल्या पैशात शहाळं आण.