काम कुठे तुंबते ते आधी शोधा : कार्यसंचालन व्यवस्थापनाची पहिली पावले

ग्राहकाने ऑर्डर दिल्यापासून तयार माल त्याच्या हाती पडेपर्यंत जे जे घडते, त्याची आखणी करणे, त्यावर लक्ष ठेवणे आणि ते सुधारत राहणे म्हणजे कार्यसंचालन व्यवस्थापन. कामाच्या ठिकाणी त्याला सर्रास ऑपरेशन्स म्हणतात. विक्री विभाग ग्राहकाला तारीख देतो आणि ती पाळण्याचा भार ऑपरेशन्सवर पडतो. विक्री चांगली असूनही अनेक व्यवसायांत पैशांची ओढाताण चालू असते, कारण कच्च्या मालाचे आणि मजुरीचे पैसे देऊन झालेले असतात, माल मात्र अर्धवट अवस्थेत आतच पडून असतो. ही ओढाताण थांबवायची तर आधी माल कुठे आणि का पडून आहे हे कळले पाहिजे.

सुरुवात एकाच ऑर्डरपासून करावी. तिच्यामागोमाग पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत स्वतः जावे आणि प्रत्येक ठिकाणी दोन नोंदी कराव्यात : प्रत्यक्ष काम किती वेळ चालले, आणि काम सुरू होण्याची वाट पाहत माल किती वेळ पडून राहिला. ही नोंद टेबलाशी बसून आठवणीने करू नये, कारण आठवणीत काम राहते, खोळंबा राहत नाही. कर्जाचे अर्ज तपासणाऱ्या कार्यालयालाही हेच लागू आहे. तिथे गठ्ठ्यांऐवजी फायली पडून असतात, एवढाच फरक.

शर्ट शिवणाऱ्या एका युनिटची कल्पना करू. कापणी विभाग तासाला 40 शर्टांचे कापड कापतो, शिलाई विभाग 20 शर्ट शिवतो, काज-बटणाचे मशीन 12 शर्ट उरकते आणि इस्त्री 30 शर्टांना होते. असे युनिट तासाला 12 शर्टांपेक्षा जास्त देऊच शकत नाही, मग बाकीच्यांनी कितीही घाई केली तरी. किंबहुना कापणीने घाई केली, तर शिलाईपुढचा आणि काज मशीनपुढचा ढीग तेवढा वाढतो. सर्वांत मंद टप्प्याला बॉटलनेक म्हणतात, आणि तो ओळखण्याची सोपी खूण म्हणजे त्याच्या आधी साचलेला माल आणि त्याच्यानंतर रिकामे बसलेले हात.

आता आतले सगळे शर्ट मोजावेत. समजा, कापलेले, शिवलेले आणि इस्त्रीची वाट पाहणारे मिळून 300 भरले. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, आवक-जावक स्थिर असेल तर आत असलेल्या मालाला तासाला बाहेर पडणाऱ्या मालाने भागले की सरासरी मुक्काम मिळतो. 300 भागिले 12, म्हणजे 25 तास. आठ तासांच्या पाळीने तीन दिवसांहून अधिक. एका शर्टावर प्रत्यक्ष काम तासाभराचेही नसते, बाकी सगळी प्रतीक्षा. कापणीला आवर घालून आतला माल 96 शर्टांवर आणला, तर एकही मशीन न घेता हाच मुक्काम 8 तासांवर येतो.

हा आवर घालणेच सर्वांत अवघड जाते, असे माझे मत आहे. कापणीचा कामगार थोडा वेळ थांबलेला दिसला की मालकाला नुकसान होते आहे असे वाटते. खरे तर त्या वेळी जास्त कापड कापणे हेच नुकसान असते. टोयोटामध्ये ताइची ओनो यांनी विकसित केलेल्या कानबान पद्धतीचा गाभा हाच आहे : पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्याने माल बनवायचा नाही. मात्र बॉटलनेकपुढे थोडा साठा राखावाच, कारण तिथे वाया गेलेला तास सगळ्या युनिटचा तास असतो. म्हणून जेवणाच्या सुट्टीत काज मशीनवर आळीपाळीने माणूस बसवावा, सुई-दोरा आधीच तयार ठेवावा आणि सदोष शर्ट तिथे पोहोचण्यापूर्वीच बाजूला काढावेत. नवे मशीन घेण्याचा विचार एवढे सगळे करून झाल्यावर करावा.

साठ्याचा हिशेब त्यामानाने सरळ आहे. दोऱ्याची रोज 6 रिळे लागत असतील आणि मागणी दिल्यावर ती 5 दिवसांनी येत असतील, तर 30 रिळे आणि उशीर झाल्यास हाताशी असावीत म्हणून आणखी 12, अशी 42 रिळे उरताच पुढची मागणी नोंदवावी. गुणवत्तेबाबत वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये मांडलेला नियंत्रण आलेख आजही उपयोगी पडतो : रोजचे सदोष नग आलेखावर मांडले की नेहमीचा चढउतार कोणता आणि खरोखर बिघाड कोणता, हे वेगळे दिसते. नेहमीच्या चढउताराबद्दल कामगाराला बोल लावू नये.

समजा, पुढे दुसरे काज मशीन आलेच, तर त्या टप्प्याची क्षमता तासाला 24 शर्ट होईल, पण युनिटचे उत्पादन 20 वरच थांबेल, कारण आता सर्वांत मंद टप्पा शिलाई आहे. त्यामुळे मशीन बसवल्याच्या आठवड्यातच शिलाईपुढचे गठ्ठे मोजावेत आणि नोंदवही पुन्हा पहिल्या टप्प्यापासून भरायला घ्यावी.