ऐतिहासिक मालिकेसाठी काळ निवडायचा कसा

ऐतिहासिक सिरीयल किंवा वेबसिरीज लिहायची म्हटलं की बहुतेक जण आधी एखादा राजा नाहीतर राणी धरतात आणि मग जन्मापासून मरणापर्यंत लिहीत सुटतात, बालपणाचेच वीस एपिसोड, मग लग्न, मग पहिली लढाई, तोपर्यंत बघणारा कंटाळून निघून गेलेला असतो. माझं म्हणणं उलट आहे. आधी काळ धरा, माणसं नंतर. आणि काळ म्हणजे अख्खं शतक नाही, तीन, पाच, दहा, फार तर तीस वर्षांचा तुकडा. तो तुकडा असा हवा की जुने नियम अजून चालू आहेत पण त्यांच्यावर कोणाचाच भरवसा उरलेला नाही, आणि पुढे काय येणार ते कोणालाच माहीत नाही. अशा वेळी राजापासून पाणक्यापर्यंत प्रत्येकाला ठरवावं लागतं की आपण कोणाच्या बाजूने उभं राहायचं, आणि चुकलं तर जीव जातो. सिरीयल या ठरवण्यावर चालते, लढाया त्यानंतर.

असा तुकडा शोधायला वैभवाचा काळ आणि पाडावाचा काळ दोन्ही बाजूला ठेवा आणि मधलं बघा. इजिप्त म्हटलं की पिरॅमिड नाहीतर क्लिओपात्रा, तिसरं काही कोणाला सुचतच नाही. पण तिसरा रामसेस या राजाची शेवटची दोन-तीन वर्षं बघा, साधारण इसवीसनपूर्व 1157 ते 1155. राजांची थडगी कोरणारे कारागीर नाईलच्या पश्चिम काठाला देर एल-मदिना नावाच्या वस्तीत राहायचे, त्यांना पगार म्हणून धान्य मिळायचं आणि ते धान्य वेळेवर येईना. शेवटी त्यांनी काम टाकलं आणि जाऊन देवळामागे ठिय्या दिला. आम्ही भुकेने इथे आलोय, अंगावर कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, हे त्यांचं म्हणणं तिथल्या लेखनिकाने लिहून ठेवलंय आणि तो पपायरस आजही आहे. नोंद सापडलेला सगळ्यात जुना संप हाच मानतात. आणि हे चाललंय कधी, तर राजाच्या गादीवर बसण्याला तीस वर्षं होणार म्हणून मोठ्या सोहळ्याची तयारी सुरू असताना.

आता वरचा मजला बघा. त्यानंतर दोन-एक वर्षांत त्याच राजाच्या जनानखान्यात कट शिजला. तिये नावाच्या राणीला आपला मुलगा पेंतावेर गादीवर हवा होता, कटात नोकर, अधिकारी, सैन्यातली माणसं सगळी होती, मेणाच्या बाहुल्या करून जादूटोणासुद्धा झाला. खटल्याची कागदपत्रं शिल्लक आहेत, आणि त्यात असं आहे की खटला चालवायला नेमलेल्यांपैकी काही जण आरोपी बायकांबरोबर मौजमजा करताना सापडले आणि त्यांचेच नाक-कान कापले गेले! राजा कटात मेला की वाचला यावर बरीच वर्षं वाद होता, मग ममीचं सीटी स्कॅन झालं आणि 2012 मध्ये जाहीर झालं की गळा हाडापर्यंत चिरलेला होता. खाली उपाशी कारागीर, वर गळा कापणारं घर, आणि दोघांना जोडणारी गोष्ट एकच, त्या राजाचं थडगं. सीझनचा सांगाडा असा आयता मिळतो कुठे.

म्हणून काळ तपासताना माझी पहिली परीक्षा हीच असते, की वरची आणि खालची माणसं एकाच कारणाने एकमेकांना बांधलेली आहेत का. नुसता दरबार असला की सिरीयल म्हणजे दागिने आणि टोमणे होऊन बसते, आणि नुसती गरिबी दाखवली की निर्णय घेणारं कोणी पडद्यावर येतच नाही.

दुसरी परीक्षा जागेची. सगळ्या प्रकारच्या माणसांना रोज एकमेकांसमोर यावंच लागेल अशी एक जागा त्या काळात हवी, बंदर, तुरुंग, धर्मशाळा, किल्ला, जहाज, काहीही चालेल पण तिथून सहज निघून जाता येता कामा नये. याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे जपानमधल्या नागासाकीचं देजिमा. समुद्रात भर घालून केलेलं पंख्याच्या आकाराचं इवलंसं बेट, गावाला जोडणारा एकच पूल आणि त्यावर पहारा. 1641 पासून डच व्यापाऱ्यांना तिथेच राहावं लागायचं, परवानगीशिवाय बाहेर पाऊल नाही. सोबत जपानी दुभाषे, अधिकारी, नोकर, गणिका. आणि हे सगळं दोनशे वर्षांहून जास्त चाललं.

पण दोनशे वर्षं म्हणजे काळ नाही झाला, तुकडा शोधायला लागतो, आणि तो इथे 1808 ते 1817 असा मिळतो. 1808 मध्ये एक इंग्रज युद्धनौका डच झेंडा लावून नागासाकीत घुसली, स्वागताला गेलेल्या डच माणसांना ओलीस धरलं आणि रसद घेऊन निघून गेली, बंदराचा बंदोबस्त अपुरा पडला म्हणून तिथल्या मुख्य अधिकाऱ्याने स्वतःचा जीव घेतला. मग 1810 ला नेपोलियनने हॉलंड, म्हणजे डचांचा देशच, फ्रान्सला जोडून टाकला, पुढच्या वर्षी डचांची जहाजं जिथून यायची ते जावा बेट इंग्रजांनी घेतलं, म्हणजे देजिमावरचा डच प्रमुख हेंड्रिक डूफ ज्या देशाचा झेंडा रोज वर चढवत होता तो देश नकाशावर उरलाच नव्हता. 1813 मध्ये इंग्रजांनी जहाजांतून माणसं पाठवून ठाणं ताब्यात मागितलं तर हा पठ्ठ्या नाही म्हणाला. दुभाष्यांना विश्वासात घेऊन त्याने ती जहाजं इंग्रजांची आहेत हेच दाबून ठेवलं, कारण जपान्यांना कळलं असतं तर 1808 चा राग त्या खलाशांवर निघाला असता. विचार करा, शत्रूचा जीव वाचवायला खोटं बोलायचं आणि त्याच खोट्यावर आपली जागाही टिकवायची, त्यात आपली रसद बंद, आणि ज्यांच्याशी खोटं बोलतोय त्यांच्याच मेहरबानीवर जगायचं. त्याला तिथल्या एका बाईपासून मुलगा होता, 1817 ला निघताना त्या मुलाला सोबत नेता येणार नव्हतं. यात वरून घालायचं असं काही उरत नाही.

देजिमाचा अजून एक फायदा सांगतो, कारण बजेटचं कोणी बोलत नाही. अख्खा सीझन एका सेटवर होतो. दोन गल्ल्या, गोदामं, एक पूल, एक दरवाजा, लांब दिसणारं समुद्राचं पाणी. हजार घोडे लागत नाहीत. ज्या काळाची ताकद फक्त मोठ्या लढायांत आहे तो काळ टीव्हीसाठी जपूनच घ्या, कारण लढाई पैसे खाते आणि माणसं त्या वेळात एकमेकांशी बोलतही नसतात.

इथूनच बातमीचा मुद्दा निघतो आणि तो मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. काळ निवडला की एक तक्ता करा, कुठली गोष्ट कधी घडली हे एका रकान्यात आणि ती तुमच्या माणसांना कधी कळली हे दुसऱ्या रकान्यात. युरोपात काय झालं ते देजिमाला जहाज आल्यावरच कळणार, आणि जहाज आलंच नाही तर वर्षानुवर्षं कळणार नाही. या दोन तारखांमधल्या अंतरात माणसं चुकीच्या माहितीवर सौदे करतात, सोयरिकी करतात, गद्दारी करतात. आपल्याला माहीत आहे, त्यांना माहीत नाही, एवढ्यावर बघणारा पुढचा एपिसोड लावतो. बरेच लेखक हे विसरतात आणि त्यांच्या सिरीयलमध्ये घोडेस्वार सकाळी निघतो तो दुपारी पोचतो, आणि हाताशी आलेला ताण फुकट जातो.

तिसरी परीक्षा कागदांची. नुसती बखर किंवा स्तुतीचं काव्य पुरत नाही, पत्रं, हिशोब, तक्रारी, कोर्टाची कागदं हवीत, आणि जमल्यास एकमेकांना खोटं पाडणारी हवीत. कॉन्स्टँटिनोपलमधला, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधला, सम्राट जस्टिनियन आणि त्याची बायको थिओडोरा यांचा काळ त्यासाठी बघा. ती सर्कशीतल्या अस्वलं सांभाळणाऱ्याची मुलगी, स्वतः नटी, अशा बाईशी लग्न करता यावं म्हणून कायदाच बदलावा लागला. 532 च्या जानेवारीत रथांच्या शर्यतीतल्या निळ्या आणि हिरव्या संघांचे पाठीराखे, एरवी एकमेकांचे हाडवैरी, एक झाले आणि शहर पेटलं, सम्राट पळायच्या बेतात होता आणि तिने ठाम नकार दिला असं त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस लिहितो. मग हिप्पोड्रोममध्ये, म्हणजे रथांच्या शर्यतीच्या मैदानात, तीसेक हजार माणसं कापली गेली. गंमत अशी की याच प्रोकोपियसने सम्राटाच्या बांधकामांचं कौतुक करणारं पुस्तक लिहिलं आणि गुपचूप दुसरंही लिहिलं ज्यात नवराबायको दोघांना जवळपास राक्षस ठरवलंय. मी तर याच लेखकाला मुख्य पात्र करेन, दिवसा एक लिहितो, रात्री दुसरं. 541 पासून पसरलेली प्लेगची साथ, तीत खुद्द सम्राट आजारी पडून वाचला, हे सगळं पुढच्या सीझनला उरतंच.

कागद वापरताना माझा नियम सोपा आहे. जे पक्कं नोंदलेलं आहे ते बदलायचं नाही, तारीख, मृत्यू, कोण कोणाविरुद्ध गेलं हे तसंच ठेवायचं, आणि जिथे नोंद नाही तिथे मोकळेपणाने लिहायचं. दासी, सुईणी, खानसामे, पत्र पोचवणारी पोरं यांच्याबद्दल नोंदी कमी असतात म्हणून लेखकाला सगळ्यात जास्त मोकळीक त्यांच्याच घरात आहे. फक्त त्यांच्या तोंडी आजचे विचार घालू नका, गुलामीत जन्मलेली बाई आजच्या भाषणासारखं बोलायला लागली की तिचं खरं धाडस दिसेनासंच होतं.

एक सावधगिरी, घटना आणि काळ यांत गल्लत होते. 1518 मध्ये स्ट्रासबर्गला लोक रस्त्यावर दिवसेंदिवस नाचत राहिले ती गोष्ट ऐकायला जबरदस्त आहे पण ती घटना आहे, दोन एपिसोडात संपेल. आजूबाजूचा दुष्काळ, देणी, चर्चवरचा राग, हे धरलंत तरच तिचा काळ होतो.

शेवट कुठे करायचा हेही काळ निवडतानाच ठरवा. दख्खन घ्या. 1595 ला मुघल फौजा अहमदनगरच्या किल्ल्याला भिडल्या, चांदबीबीने किल्ला लढवला, आणि 1600 मध्ये ती मुघलांशी संधान बांधते आहे या संशयावरून तिच्याच माणसांनी तिला मारलं. तिथून पुढे सूत्रं हळूहळू मलिक अंबरकडे येतात, जो इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. जहांगीरला तो इतका खुपत होता की अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्र त्याने काढून घेतलं, प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधी मिळालं नाही. 1624 ला भातवडीला अंबरने तलावाचं पाणी शत्रूच्या छावणीत सोडलं, त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. 1626 ला तो गेला. निजामशाही 1636 ला संपली, पण पहिला सीझन तिथपर्यंत ओढू नका, 1626 लाच थांबवा, कारण सीझनचा प्रश्न असा होता की गादीवर हक्क नसलेला माणूस गादी किती वर्षं वाचवू शकतो, आणि त्याचं उत्तर तिथे मिळालेलं असतं. पुढची दहा वर्षं, शहाजीराजांनी पेमगिरीच्या किल्ल्यावर एका लहान मुलाला निजामशहा म्हणून बसवलं ते, हा वेगळा प्रश्न आहे, त्याला वेगळा सीझन द्या.