कोरफडीचा गर गुलाबी पडत होता: माझा अनुभव

घरी काढलेला कोरफडीचा गर फ्रीजमध्येही तिसऱ्या दिवशी गुलाबी, आठवड्यात तपकिरी. झाकण उघडताच आंबूस वास. व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून घातल्या (त्या तेल खवट होऊ देत नाहीत, जंतूंना काही करत नाहीत), लिंबू पिळलं, बाटली बदलली. चार बाटल्या मोरीत ओतल्या.

रंगाचा दोष सालीखालच्या पिवळ्या चिकात होता. त्यातलं ॲलोइन नावाचं द्रव्य हवेने रंग बदलतं. आता पान कापलं की कापलेली बाजू खाली करून दोन तास उभं ठेवते. मग धुऊन साल जाडच काढायची. गरावर पिवळी रेघ दिसली तर तेवढा भाग टाकायचा. मिक्सरमधून फिरवून, गाळून ६५ अंशांवर १५ मिनिटं, आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. जंतू वाढू नयेत म्हणून १०० ग्रॅम गराला ०.४ ग्रॅम सोडियम बेंझोएट, ०.२ ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून आधी घालायचं. सायट्रिक ॲसिडचं पाणी त्यानंतरच, थेंबाथेंबाने, पीएच (आंबटपणाचं माप; आकडा कमी तितकं जास्त आंबट) ४.५ येईपर्यंत. ५ च्या वर ही प्रिझर्व्हेटिव्ह फारशी चालत नाहीत. चमच्याने अंदाज नको, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या.

दीड महिना झाला, फ्रीजमधली बाटली अजून पांढरटच आहे.