‘वॉर अँड पीस’ची सुरुवात वाचताना

टॉलस्टॉयची ही कादंबरी बरेच जण सुरुवातीलाच सोडतात, कारण नावं. जुलै 1805, पीटर्सबर्ग, आन्ना पावलोव्हना शेररच्या घरची संध्याकाळ; पाहुण्यांची रीघ लागते आणि कोण कुणाचं हेच कळेनासं होतं.

म्हणून आधी एक कोरा कागद घ्या. त्यावर पाच घराणी लिहा: बेझुखोव, बोल्कोन्स्की, रोस्तोव, कुरागिन, द्रुबेत्स्कोय. माणूस भेटला की त्याच्या घराण्याखाली टाका. मधलं नाव वडिलांवरून येतं, आपल्यासारखंच. फक्त त्याला शेपूट लागतं. आंद्रेई निकोलायेविच म्हणजे निकोलायचा मुलगा. नताशा आणि नताल्या एकच, हेही तिथेच नोंदवा.

फ्रेंच वाक्यं ओलांडू नका, तळटीप बघा. नेपोलियनला शिव्या घालणारी ही मंडळी बोलतात मात्र फ्रेंचमध्ये! गंमत तीच आहे. राजकारणाची चर्चा मात्र भरभर वाचली तरी चालेल. द्यूक द’आंग्यँ या फ्रेंच राजघराण्यातल्या राजपुत्राला नेपोलियनने 1804 मध्ये गोळ्या घालून मारलं, एवढं माहीत असलं की पुरे.

लक्ष प्येर बेझुखोववर ठेवा. तो नको तिथे, नको तेवढ्या जोरात बोलतो, आणि यजमानीणबाई कासावीस होतात. पुढे दोलोखोव नावाचा लष्करी अधिकारी खिडकीबाहेर पाय सोडून रमची आख्खी बाटली रिचवतो. तिथवर एका दमात वाचा. मग मॉस्कोत रोस्तोवांकडे तेरा वर्षांची नताशा धावत दिवाणखान्यात शिरते. थांबायचंच तर त्यानंतर थांबा.