मानसिक आजारांच्या अभ्यासासाठी पेट स्कॅनचा वापर: संशोधनाची आखणी कशी करावी

एमआरआयवर मेंदूची रचना दिसते आणि रक्तप्रवाहातील बदलांचाही अंदाज येतो. परंतु डोपामिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे ग्राही (पेशींवरील ज्या प्रथिनांना ते चिकटते ती) किती उपलब्ध आहेत किंवा औषधाने त्यांपैकी किती व्यापले आहेत, हे जिवंत माणसाच्या मेंदूत मोजायचे असेल, तर पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी, म्हणजेच पेट, हा मुख्य मार्ग ठरतो. १९८३ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे हेन्री वॅग्नर यांनी डोपामिन ग्राहींची पहिली मानवी प्रतिमा स्वतःच्याच मेंदूची घेतली. स्किझोफ्रेनिया आणि डोपामिन यांच्या संबंधावर तेव्हापासून बरेच काम झाले असल्यामुळे, असा अभ्यास प्रथमच आखणाऱ्या मनोविकारशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी पुढील विवेचनात तेच उदाहरण घेतले आहे.

प्रथम प्रश्न ठरवावा, ट्रेसर, म्हणजे शिरेतून सोडायचा आणि स्कॅनरवर माग काढता येणारा किरणोत्सारी पदार्थ, त्यानंतर निवडावा. चेतापेशी डोपामिन किती वेगाने तयार करतात, असा प्रश्न असेल तर फ्लोरिन-१८ जोडलेला डोपा (ज्यापासून डोपामिन बनते तो पदार्थ) लागतो. डी-२ (डोपामिन ग्राहींचा एक प्रकार) ग्राही किती मोकळे आहेत हे पाहायचे असेल तर कार्बन-११ जोडलेले रॅक्लोप्राइड लागते. आणि एखादा भाग ग्लुकोज किती वापरतो एवढेच हवे असेल तर एफडीजी (किरणोत्सारी अणू जोडलेला ग्लुकोजसारखा पदार्थ) पुरते. कर्करोगाच्या रुग्णालयांमुळे एफडीजी सर्वांत सहज मिळते, आणि म्हणूनच अनेक प्रस्तावांमध्ये तेच दिसते. पण कोणत्या रासायनिक यंत्रणेत बिघाड आहे याचे उत्तर ते देत नाही.

ट्रेसरच्या निवडीवर किरणोत्सारी अणूच्या अर्धायुकालाचीही (क्रियाशीलता निम्मी होण्यास लागणाऱ्या वेळेची) मर्यादा असते. कार्बन-११चा अर्धायुकाल सुमारे २० मिनिटे, तर फ्लोरिन-१८चा सुमारे ११० मिनिटे आहे. मुंबईहून पुण्याला पोहोचायला तीन तास लागले, तर फ्लोरिन-१८ची क्रियाशीलता एक तृतीयांशाच्या आसपास उरते. कार्बन-११ची मात्र पाचशेव्या भागाएवढीच राहते. त्यामुळे रॅक्लोप्राइड वापरायचे असेल तर सायक्लोट्रॉन (असे किरणोत्सारी अणू तयार करणारे यंत्र), रसायनप्रयोगशाळा आणि स्कॅनर एकाच आवारात असावे लागतात. भारतातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसवला गेला. परंतु केवळ सायक्लोट्रॉन असून भागत नाही, हवा तो ट्रेसर नियमितपणे तयार करणारे रसायनतज्ज्ञही तेथे आहेत का, याची चौकशी प्रस्ताव लिहिण्यापूर्वीच करावी.

स्कॅनमधून अखेर हाती येते ती बंधनक्षमता, म्हणजे ट्रेसर ग्राहींना किती चिकटला याचे माप, आणि या आकड्याचा अर्थ लावतानाच सर्वाधिक गल्लत होते. ग्राहींची संख्या, ट्रेसरची त्यांच्याशी जुळण्याची ताकद आणि त्या जागेसाठी स्पर्धा करणारे शरीरातील स्वतःचे डोपामिन या तिन्ही गोष्टी त्या एकाच आकड्यात मिसळलेल्या असतात. १९८६ साली जॉन्स हॉपकिन्सच्या गटाला मिथाइलस्पिपेरोन हा ट्रेसर वापरून स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत डी-२ ग्राही बरेच वाढलेले आढळले. त्यानंतर स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील लार्स फार्डे आणि सहकाऱ्यांना रॅक्लोप्राइड वापरून तसा फरक दिसला नाही. हे दोन ट्रेसर ग्राहींना एकाच रीतीने चिकटत नाहीत, आणि रॅक्लोप्राइडला डोपामिन सहज हटवू शकते. ही स्पर्धा किती महत्त्वाची ठरते, हे २००० साली अनिसा अबी-दर्घाम आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात दिसले. डोपामिनची निर्मिती औषधाने तात्पुरती रोखल्यावर मोकळ्या डी-२ ग्राहींचे प्रमाण निरोगी व्यक्तींत ९ टक्क्यांनी, तर रुग्णांत १९ टक्क्यांनी वाढले. याचा अर्थ असा की एरवी रुग्णांचे अधिक ग्राही डोपामिनने व्यापलेले होते आणि साध्या स्कॅनमध्ये ते झाकले गेले असते. म्हणून केवळ विश्रांतीच्या अवस्थेतील एका स्कॅनवरून ‘ग्राही वाढले नाहीत’ असा निष्कर्ष लिहिण्याचे टाळावे.

ज्यांच्याकडे साधने मर्यादित आहेत, त्यांनी औषधाने किती ग्राही व्यापले हे मोजणाऱ्या अभ्यासापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. येथे प्रत्येक व्यक्तीची तुलना तिच्याशीच होत असल्याने माणसामाणसांतील फरक आड येत नाहीत. औषधापूर्वी बंधनक्षमता ३ असेल आणि औषधानंतर ०.९ झाली, तर ७० टक्के ग्राही व्यापले गेले असे गणित होते. शितिज कपूर आणि सहकाऱ्यांनी २००० साली टोरांटोत हॅलोपेरिडॉल हे डी-२ ग्राही अडवणारे औषध घेणाऱ्या, पहिल्यांदाच आजारी पडलेल्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे ६५ टक्क्यांच्या वर गुण येण्याची, ७२ टक्क्यांच्या वर प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढण्याची आणि ७८ टक्क्यांच्या वर हातापायांत ताठरपणासारख्या हालचालींच्या तक्रारी होण्याची शक्यता वाढलेली दिसली. औषधाची मात्रा ठरवण्यास इतका थेट उपयोगी पडलेला निष्कर्ष या क्षेत्रात क्वचितच सापडेल.

रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांची तुलना करायची असेल, तर सहभागींची निवड फार काटेकोर असावी लागते. दीर्घकाळ औषध घेतल्याने ग्राहींचे प्रमाणच बदलू शकते आणि महिन्यातून एकदा टोचली जाणारी इंजेक्शने बंद केल्यावरही त्यांचा परिणाम बराच काळ टिकतो, म्हणून अद्याप औषध सुरू न झालेले रुग्ण श्रेयस्कर होत. मात्र स्कॅनसाठी कोणाचेही आवश्यक उपचार लांबवू नयेत. वयाबरोबर डी-२ ग्राही कमी होत जातात, त्यामुळे दोन्ही गटांची वये जुळवावीत. निकोटिनने डोपामिन स्रवते, हे लक्षात घेऊन केवळ ‘धूम्रपान करता का’ एवढे विचारून थांबू नये. आपल्याकडे तंबाखू-चुना, गुटखा आणि मशेरी यांची स्वतंत्रपणे विचारणा करावी लागते, कारण मशेरी लावणाऱ्या कित्येक स्त्रिया तिला व्यसन मानतच नाहीत.

स्कॅनच्या वेळी ट्रेसरचे वस्तुमान इतके अल्प ठेवावे की त्याने स्वतःच ग्राहींचा लक्षणीय भाग व्यापू नये. ट्रेसर शिरेत सोडल्याच्या क्षणापासून सुमारे तासभर सलग प्रतिमा घ्याव्यात, डोके हलणार नाही अशी व्यवस्था करावी आणि तरीही झालेली हालचाल नंतर दुरुस्त करावी. त्याच व्यक्तीचा एमआरआय घेऊन स्ट्रायटमची (मेंदूच्या आतील, डी-२ ग्राही विपुल असलेल्या भागाची) सीमा त्यावरून आखावी, कारण पेटची विभेदनक्षमता (वेगळा दिसू शकणारा सर्वांत लहान तपशील) साधारण ४-५ मिलिमीटर असल्याने लहान भागांचा संकेत शेजारच्या भागांत सांडतो. रॅक्लोप्राइडसाठी लहान मेंदू हा तुलनेचा भाग धरता येतो, कारण तेथे डी-२ ग्राही नगण्य असतात. त्यामुळे धमनीतून वारंवार रक्त काढावे लागत नाही. ही सवलत प्रत्येक ट्रेसरला मिळत नाही. मेंदूतील दाह अभ्यासण्यासाठी टीएसपीओ प्रथिनाला चिकटणारे दुसऱ्या पिढीचे ट्रेसर वापरले, तर ते प्रथिन नसलेला असा तुलनेचा भाग सापडत नाही, शिवाय एका जनुकीय फरकामुळे काही व्यक्तींत ते मुळातच कमी चिकटतात, म्हणून जनुक-तपासणीविना दोन गटांची तुलना करणे निरर्थक ठरते.

भारतात मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ९९ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची मुक्त व माहितीपूर्ण संमती घेणे बंधनकारक आहे आणि ती संमती केव्हाही मागे घेता येते. संमतीपत्रात किरणोत्साराची मात्रा समजेल अशा शब्दांत द्यावी. उदाहरणार्थ, १८५ मेगाबेकरेल एफडीजीमुळे सुमारे ३.५ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते, आणि निसर्गातून माणसाला वर्षाकाठी जागतिक सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असते. या स्कॅनवरून रुग्णाच्या आजाराचे निदान होणार नाही, हेही नातेवाईकांसमोर स्पष्टपणे सांगावे. रंगीत चित्र पाहिल्यावर ‘डॉक्टर, यात दोष कुठे दिसतो?’ असा प्रश्न हमखास येतो. एमआरआयमध्ये अनपेक्षित गाठ वगैरे आढळल्यास कोणत्या मज्जाविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे, हे पहिला सहभागी येण्याआधीच ठरवून ठेवावे.